कुणाच्या मानाने?

२०२५च्या जुलै महिन्यातला शेवटचा रविवार. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात महिलांच्या युरोपियन फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना नुकताच सुरू झाला होता. इंग्लंड विरुद्ध स्पेन. माझ्या लेकीने मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता आणि त्या वीतभर पडद्याकडे आम्ही दोघे डोळे लावून बसलो होतो. मी काही फुटबॉलचा जाणकार नव्हे, कवितेच्या चार ओळी लिहिणारा माणूस. पण सामना असा रंगला की जेवणाचे ताट तसेच राहिले. पहिला गोल स्पेनचा झाला. मध्यंतरानंतर ॲलेसिया रुसोने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडून बरोबरी केली. जादा वेळेतही निकाल लागेना. शेवटी पेनल्टी. इंग्लंडची गोलरक्षक हॅना हॅम्प्टन हिने दोन फटके अडवले, क्लोई केलीने शेवटचा चेंडू जाळ्यात मारला आणि इंग्लंडने युरोपचे विजेतेपद राखले.

मी खूश होऊन बोलून गेलो, "मुलींच्या मानानं भलतंच छान खेळल्या!"

लेकीने मान वर न करता विचारले, "कुणाच्या मानानं, अब्बा?"

मला उत्तर सुचले नाही. कारण हा शब्द माझ्या ओळखीचा होता. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावच्या कविसंमेलनात माझी कविता वाचून झाली तेव्हा अध्यक्ष कौतुकाने म्हणाले होते, "मुसलमान असूनही यांची मराठी किती सुंदर आहे!" टाळ्या पडल्या. मीही हात जोडले. त्या गृहस्थांच्या मनात काही वाईट नव्हते, हे मी आजही सांगेन. पण तो 'असूनही' घशात काट्यासारखा अडकला तो अडकलाच. माझी आजी जात्यावर बसून मराठीत ओव्या म्हणायची. मराठी आमच्या घरात पाहुणी म्हणून आलेली नव्हती. आणि आता मीच तो काटा दुसऱ्याच्या ताटात वाढला होता. ज्यांचा खेळ पाहून माझे जेवण राहिले होते, त्यांच्याच ताटात.

मग मी इंग्लंडमधल्या महिला फुटबॉलचा इतिहास वाचायला बसलो. माझी समजूत अशी होती की पुरुषांचा खेळ जुना आणि बायकांचा नवा. उशिरा सुरू झाला म्हणून अजून मागे आहे. ही समजूत साफ चुकीची निघाली. बायकांचा खेळ तिथे उशिरा सुरू झाला नव्हता. तो ऐन भरात असताना थांबवला गेला होता.

लंडनच्या क्राउच एंड भागात २३ मार्च १८९५ रोजी 'ब्रिटिश लेडीज फुटबॉल क्लब'च्या दोन संघांचा सामना झाला आणि तो पाहायला हजारो माणसे लोटली. क्लबची उभारणी करणारी बाई नेटी हनीबॉल या नावाने ओळखली जाई, पण ते टोपणनाव असावे असे अभ्यासक मानतात. खऱ्या नावाने फुटबॉल खेळणे तेव्हा सोपे नसणार.

खरी भरती आली ती पहिल्या महायुद्धात. पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांत बायका आल्या. उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात प्रेस्टन हे गिरण्या-कारखान्यांचे गाव. तिथे 'डिक, केर आणि कंपनी'चा कारखाना होता. एरवी ट्रामगाड्या आणि इंजिने बनवणारा हा कारखाना युद्धात दारूगोळा बनवू लागला. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या मुली शिकाऊ पोरांबरोबर चेंडू खेळत. कचेरीत काम करणाऱ्या अल्फ्रेड फ्रँकलंड यांनी हा खेळ खिडकीतून पाहिला आणि त्यांना वाटले, यांचा संघ उभा राहील. १९१७च्या नाताळच्या दिवशी प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर या मुलींचा सामना झाला. दहा हजार लोकांनी तिकिटे काढली आणि जमलेला पैसा जखमी सैनिकांच्या रुग्णालयाला गेला. या संघाचे नाव पडले 'डिक, केर लेडीज'.

या मुली व्यावसायिक खेळाडू नव्हत्या. दिवसा कारखान्यात पाळी करायच्या, संध्याकाळी सराव करायच्या, शनिवारी आगगाडीने दुसऱ्या गावी जाऊन सामना खेळायच्या आणि सोमवारी पुन्हा यंत्रापुढे उभ्या राहायच्या. १९२० साली फ्रान्समधून महिलांचा संघ इंग्लंडला आला, तेव्हा त्याच्याविरुद्धच्या पहिल्या सामन्याला पंचवीस हजार लोक आले. त्याच वर्षी डिसेंबरात डीपडेलवर रात्रीचा सामना झाला. त्यासाठी विमानविरोधी तोफखान्याचे दोन प्रकाशझोत मागवले होते आणि ते वापरायची परवानगी युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी दिली होती. चेंडू अंधारात दिसावा म्हणून त्याला चुन्याची सफेदी लावली होती.

आणि मग तो दिवस आला, २६ डिसेंबर १९२०. नाताळच्या दुसऱ्या दिवशी इंग्लंडमध्ये फुटबॉल पाहायला जाण्याची जुनी रीत आहे. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर डिक, केर लेडीज आणि सेंट हेलेन्स या गावचा महिला संघ समोरासमोर आले. मैदानात ५३ हजार प्रेक्षक होते आणि आत जागा नाही म्हणून हजारो लोक बाहेर ताटकळत होते. बेकार माजी सैनिकांच्या मदतीसाठी ३,११५ पौंड जमले.

आपण म्हणाल, युद्धामुळे पुरुषांचे सामने बंद होते, म्हणून लोक बायकांचा खेळ पाहायला आले असतील. मलाही तसेच वाटले होते. पण पुरुषांची लीग १९१९ सालीच पुन्हा सुरू झाली होती. म्हणजे पुरुषांचा खेळ उपलब्ध असताना ही ५३ हजार माणसे बायकांचा खेळ पाहायला आली. नुसत्या नवलाईने एखाद्या वेळी गर्दी होते. पण १९२१ या एका वर्षात डिक, केर संघाने ६७ सामने खेळले आणि ते सुमारे नऊ लाख लोकांनी पाहिले, असे सांगितले जाते. इतक्या वेळा माणूस नवलाईसाठी पैसे मोजत नाही.

या संघात सेंट हेलेन्सची एक मुलगी होती, लिली पार. १९०५चा जन्म. पंधरा वर्षांचीही नव्हती तेव्हा ती या संघात आली. जवळजवळ सहा फूट उंची, डाव्या बगलेवरची जागा आणि डाव्या पायाचा असा फटका की तेव्हाचा पाणी पिऊन जड झालेला चामड्याचा चेंडूही मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला जाई. तिचे गोल शेकड्यांनी मोजावे लागतात.

असे सगळे चालले असताना ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉलची सर्वोच्च संस्था असलेल्या फुटबॉल असोसिएशनने एक ठराव केला. हा खेळ स्त्रियांना मुळीच योग्य नाही आणि त्याला उत्तेजन देऊ नये, असे संस्थेचे ठाम मत पडले. धर्मादाय सामन्यांच्या पैशांतला फार मोठा वाटा खर्चात जातो, असाही ठपका होता. आणि मग मुख्य वाक्य होते, संलग्न क्लबांनी आपली मैदाने अशा सामन्यांना देऊ नयेत.

या ठरावाची हुशारी पाहा. बायकांनी खेळू नये असा हुकूम त्यात नाही. तसा अधिकार संस्थेला नव्हताच. तिने फक्त मैदान काढून घेतले. बसायला बाके असलेली, भिंती आणि तिकीटखिडकी असलेली सगळी चांगली मैदाने या क्लबांची होती. ती गेली की प्रेक्षक गेले, प्रेक्षक गेले की पैसा गेला, आणि पैसा गेला की शिकवणारे आणि शिकणारे दोघेही गेले. उरली सार्वजनिक बागेतली हिरवळ आणि रग्बीवाल्यांनी दिले तर त्यांचे मैदान. त्या वेळी इंग्लंडमध्ये महिलांचे दीडशेच्या आसपास संघ होते. त्याच महिन्यात काही संघांनी ब्लॅकबर्न गावी जमून आपली वेगळी संघटना काढली, पण ती फार टिकली नाही.

बंदी का आली, याची कारणे अनेक सांगतात. युद्ध संपले होते आणि कारखान्यातल्या बायकांनी आता घरी जावे अशी हवा होती. १९२१ साली कोळसा खाणींत टाळेबंदी झाली, तेव्हा महिला संघांनी खाणकामगारांच्या उपाशी कुटुंबांसाठी सामने खेळून पैसा उभा केला. हे वरच्या वर्गाला रुचले नाही, असे काही इतिहासकार म्हणतात. शिवाय डॉक्टरांची मते होतीच. त्यांतले एक मत वाचताना मी थबकलो. ते लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या डॉ. मेरी शार्लिब यांचे होते. हा खेळ बाईच्या शरीराला झेपणारा नाही, असे त्या म्हणाल्या.

या मेरी शार्लिब कोण? लग्नानंतर त्या पतीबरोबर मद्रासला आल्या होत्या. पडद्यामुळे पुरुष डॉक्टरांपुढे जाता येत नाही म्हणून बाळंतपणात हाल सोसणाऱ्या बायका त्यांनी तिथे पाहिल्या आणि १८७५ साली मद्रास मेडिकल कॉलेजात नाव घातले. तिथे शिरलेल्या पहिल्या मोजक्या स्त्रियांमध्ये त्या होत्या. पुढे लंडनची पदवी मिळवून त्यांनी मद्रासमध्ये गोषातल्या बायकांसाठी रुग्णालय उभे केले. गोषा म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. माझ्या घराण्यातल्या कितीतरी बायकांचे आयुष्य त्या पडद्याआड गेले. त्यामुळे या बाईंबद्दल मला आदरच वाटतो. वैद्यकशास्त्र बाईला झेपणार नाही, हे ऐकत ज्यांनी वाट काढली, त्यांनीच फुटबॉल बाईला झेपणार नाही असे सांगावे! पण मोबाइलपुढे बसून मी तरी दुसरे काय केले होते?

बंदीनंतर खेळ मेला नाही, पण खुरटला. डिक, केर संघाचे नाव पुढे 'प्रेस्टन लेडीज' झाले आणि मिळेल त्या मैदानावर खेळत हा संघ १९६५पर्यंत टिकला. लिली पार मनोरुग्णांच्या इस्पितळात परिचारिका झाली आणि कितीतरी वर्षे खेळत राहिली. १९७८ साली ती वारली. इंग्लिश फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये पहिली स्त्री म्हणून तिचे नाव लागले ते २००२ साली, आणि तिचा पुतळा मँचेस्टरच्या फुटबॉल संग्रहालयात उभा राहिला तो २०१९ साली.

१९६६ साली इंग्लंडच्या पुरुषांनी विश्वचषक जिंकला आणि देशभर मुलींनाही फुटबॉलचे वेड लागले. १९६९ साली ४४ क्लबांनी मिळून महिलांची संघटना स्थापन केली आणि १९७०-७१मध्ये बंदी उठली. पण बंदी उठली म्हणजे मन बदलले असे नव्हे. १९७१ साली मेक्सिकोत महिलांची एक अनधिकृत विश्वस्पर्धा झाली. ल्यूटन गावचे बसचालक हॅरी बॅट यांनी इंग्लंडच्या मुलींचा एक संघ तिथे नेला. त्यांत एक मुलगी तर अवघी तेरा वर्षांची होती. ॲझटेका मैदानावर या मुली हजारोंच्या, मेक्सिकोविरुद्ध तर ८० हजारांच्या घरातल्या गर्दीपुढे खेळल्या. मायदेशी परतल्यावर सत्कार राहिला बाजूला, अधिकृत मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळल्या म्हणून त्यांच्यावरच बंदी आली. त्यांतल्या कितीतरी जणींनी पुढे अनेक वर्षे या सहलीबद्दल चकार शब्द काढला नाही.

इंग्लंडच्या महिलांचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना १८ नोव्हेंबर १९७२ रोजी स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक इथे झाला. तो इंग्लंडने ३-२ असा जिंकला. पुरुषांचा असा पहिला सामना याच दोन देशांत १८७२च्या नोव्हेंबरात झाला होता. दोन्हींत बरोबर शंभर वर्षांचे अंतर. १९७८ साली नॉटिंगहॅमशायरच्या बारा वर्षांच्या थेरेसा बेनेटचा खटला अपील न्यायालयात गेला. ती मुलांच्या संघात उत्तम खेळायची आणि नियमाने तिला मनाई झाली होती. खालच्या न्यायालयात ती जिंकली होती, पण लॉर्ड डेनिंग यांच्यासमोर हरली. १९८४ साली इंग्लंडच्या महिलांनी युरोपियन स्पर्धेची अंतिम फेरी गाठली, ती ल्यूटनच्या चिखलात स्वीडनकडून पेनल्टीवर गमावली. तेव्हा महिलांचे सामने नव्वद मिनिटांचे नव्हते, सत्तर मिनिटांचे होते, आणि चेंडूही लहान आकाराचा असे. १९९१च्या पहिल्या अधिकृत महिला विश्वचषकातही सामने ऐंशी मिनिटांचेच ठेवले होते. दम पुरणार नाही, हे आधीच ठरलेले.

आता दर्जाच्या प्रश्नाकडे येतो. पुरुषांचा खेळ अधिक वेगवान आणि अधिक जोरकस असतो, हे उघड आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण फुटबॉल म्हणजे निव्वळ धावण्याची शर्यत नव्हे. चेंडू कुणाकडे द्यायचा, मोकळी जागा कशी हेरायची, पेनल्टीच्या वेळी कुठल्या बाजूला झेप घ्यायची, या शिकण्याच्या गोष्टी आहेत. आणि शिकायला मैदान लागते, गुरू लागतो आणि पोटाची चिंता नसलेला वेळ लागतो.

इंग्लंडच्या महिला संघाला पहिली पूर्णवेळ प्रशिक्षक मिळाली १९९८ साली, होप पॉवेल. राष्ट्रीय खेळाडूंशी पहिले करार झाले २००९ साली. सतरा जणींना वर्षाला सोळा हजार पौंड. त्याच वर्षी हा संघ युरोपच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि जर्मनीकडून ६-२ असा हरला. महिलांची सुपर लीग २०११ साली सुरू झाली आणि ती पूर्ण व्यावसायिक झाली २०१८ साली. राष्ट्रीय संघातल्या महिलांना पुरुषांइतकेच सामना मानधन मिळू लागले २०२०पासून. मग २०२२ साली वेम्ब्लीच्या मैदानावर ८७,१९२ प्रेक्षकांसमोर याच संघाने जर्मनीला २-१ असे हरवून युरोप जिंकले. त्या दिवशीची गर्दी पुरुषांच्या युरोपियन स्पर्धेतल्या कुठल्याही सामन्यापेक्षा मोठी होती. २०२३ साली विश्वचषकाचा अंतिम सामना आणि २०२५ साली पुन्हा युरोपचे विजेतेपद. तारखा नुसत्या एकाखाली एक मांडून पाहा. सोय आधी आली, दर्जा तिच्या पाठोपाठ आला.

गोलरक्षणाचेच उदाहरण घ्या. महिलांच्या फुटबॉलची टिंगल करणारे सगळ्यात आधी गोलरक्षकांवर घसरत. पण गोलरक्षण हे स्वतंत्र शास्त्र आहे. त्याला वेगळा प्रशिक्षक लागतो आणि रोजचे हजार चेंडू लागतात. बाझलला दोन पेनल्टी अडवणारी हॅना हॅम्प्टन जन्मतः डोळ्यांचा दोष घेऊन आली. लहानपणी शस्त्रक्रिया झाल्या, आणि तुला फुटबॉल खेळता येणार नाही असे तिला सांगण्यात आले होते. तिला शिकवणारे भेटले, म्हणून ती त्या रात्री गोलपुढे उभी होती. आपल्या देशाची गोलरक्षक अदिती चौहान हीसुद्धा इंग्लंडला शिकायला गेली आणि २०१५ साली लंडनच्या वेस्ट हॅम क्लबच्या महिला संघाकडून खेळली. इंग्लंडमध्ये खेळणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू.

सगळे छान झाले असे मात्र म्हणता येत नाही. २०२२चा चषक जिंकल्यावर लगेच त्या २३ खेळाडूंनी पंतप्रधानपदाच्या दोन्ही उमेदवारांना उघड पत्र लिहिले. शाळेतल्या खेळाच्या तासाला फक्त ६३ टक्के मुलींना फुटबॉल खेळता येतो, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. चषक हातात असताना त्यांना शाळेतली मुलगी आठवली, याचे मला फार कौतुक वाटले. त्याच स्पर्धेत सहाही सामन्यांत सुरुवातीला उतरलेल्या अकरा जणी गोऱ्या होत्या. ज्या देशात आपल्याकडची लाखो माणसे राहतात, त्या देशाच्या संघात आपल्या वंशाची मुलगी दिसत नाही. लीगच्या प्रेक्षकांची सरासरी २०२४-२५च्या मोसमात आदल्या मोसमापेक्षा घटली. आणि २०२५च्या उन्हाळ्यात, ज्या ब्लॅकबर्नमध्ये १९२१ साली बायका जमल्या होत्या, त्याच गावच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबने आपला महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला. वाढत्या अटींचा खर्च झेपत नाही म्हणून. एका बाजूला खेळाडूच्या बदलीसाठी दहा लाख पौंड मोजले जातात आणि दुसऱ्या बाजूला प्रेस्टनपासून हाकेच्या अंतरावरचा संघ खर्चापायी खाली उतरतो.

असोसिएशनने २००८ साली त्या जुन्या बंदीबद्दल माफी मागितली. माफी मागितली हे चांगलेच झाले. पण लिली पारच्या पाठोपाठ ज्या मुली यायच्या होत्या आणि आल्याच नाहीत, त्यांची नावे कुठल्या यादीत शोधायची? कवी म्हणून मला त्यांचाच विचार अधिक छळतो. न लिहिलेल्या कवितेला कुणी वाईट म्हणत नाही आणि चांगलीही म्हणत नाही. न खेळलेल्या सामन्यांचे तसेच आहे. पन्नास वर्षांचे ते सामने हिशेबातून वगळायचे आणि मग उरलेल्यांना विचारायचे, तुमचा दर्जा काय?

परवा लेकीने पुन्हा मोबाइल तांब्याला टेकवला. इंग्लंडच्या लीगमधला सामना होता. एका मुलीने तिघींच्या मधून असा काही चेंडू सरकवला की मुशायऱ्यात एखादा शेर काळजाला भिडावा तशी माझ्या तोंडून दाद गेली, "वा!"

लेक माझ्याकडे बघत राहिली. पुढे मी आणखी काही जोडतो का, याची ती वाट पाहत असावी. मी काही जोडले नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)